मादामला इंग्रजी येतं!

"वहिनी, ऐकलंत का? मादामला इंग्रजी येतं!"

"शूऽऽ! हळू. छोटू तिथेच सायकल पुसतोय. त्याच्या कानावर गेलं तर उद्या शाळाभर बोभाटा."

"बोभाटा कधीच झालाय. चिऊच्या वर्गातल्या एका मुलीनं शनिवारी नो फ्रिल्समध्ये मादामला फोनवर भांडताना ऐकलं. इंग्रजीत! भाजीच्या रॅकपाशी उभी राहून. सोमवारी वर्गात नुसता हलकल्लोळ. निम्मी मुलं म्हणतात ती मादामची जुळी बहीण असणार. चिऊ तर घरी येऊन रडली. म्हणे, 'मी दोन वर्षं तिला सगळं फ्रेंचमध्ये सांगत आले, पोटात दुखतंय हेसुद्धा, आणि तिला कळत होतं?'"

"अगं, मी रोज दुपारी तिथे तासभर असते. स्टाफरूममध्ये मादाम कशी फाडफाड बोलते ते मला विचार. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की एक इंग्रजी शब्द तोंडातून निघत नाही. मीसुद्धा कॉरिडॉरमध्ये तिला नुसतं 'बोंजूर' म्हणते आणि पुढे सटकते. जास्त बोललं तर आपलंच पितळ उघडं पडायचं."

इथे थोडं थांबून सांगायला हवं की टोरंटोजवळच्या आमच्या मिसिसागातली कुंपणं गप्पांसाठी बांधलेली नाहीत. सहा फूट उंच, लाकडी, फळीला फळी भिडवलेली. पलीकडे माणूस राहतो की नुसतंच गवत कापायचं यंत्र राहतं, कळायला मार्ग नाही. पण फेब्रुवारीतल्या वाऱ्यानं आमच्या मधल्या दोन फळ्या पाडल्या. दुरुस्तीचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा करायचा असा रिवाज आहे, म्हणून दोन्ही घरचे पुरुष 'कोटेशन मागवलंय' असं मे महिना उजाडेपर्यंत सांगताहेत. त्यांना कोणी घाई करत नाही. त्या मोकळ्या जागेतून इडलीचं पीठ इकडून तिकडे जातं, बातम्या तिकडून इकडे येतात. वहिनी शाळेत लंच सुपरवायझर, म्हणजे बातम्यांचा झराच. त्यांचा छोटू चौथीत, आमची चिऊ दुसरीत. दोघं फ्रेंच इमर्शनला, तिथल्या बाई म्हणजे मादाम. आणि वहिनींच्या सासूबाई, माई, सुपर व्हिसावर साताऱ्याहून आलेल्या. त्या वेळी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या.

"मला एक सांगा," माई म्हणाल्या, "बाईंना इंग्रजी येतं, पोरांना इंग्रजी येतं. मग येत नाही असं सोंग कशाला? सरळ सांगावं की बाळांनो, गप बसा."

"सोंग केल्याशिवाय मुलं बोलतच नाहीत, माई. घरी आपलं मराठी, टीव्हीवर इंग्रजी, खेळायला गेलं की इंग्रजी. फ्रेंचची गरज कुणाला आहे? मग बाईंनाच ती तयार करावी लागते. अर्धा दिवस इंग्रजीतून शाळा, अर्धा दिवस फ्रेंचमधून. विषय म्हणून फ्रेंच नाही हं. बाकीचे काही विषय त्या भाषेतून शिकायचे."

"आणि घरी अभ्यास कोण घेतं?"

हा प्रश्न आला की आम्ही दोघी आकाशाकडे बघतो.

"तुमचा मुलगा घेत नाही, एवढं नक्की," वहिनी म्हणाल्या.

"आमच्याकडे तर फ्रेंच येणारा माणूस आहे!" मी म्हटलं. "आमच्या ह्यांना पुण्यात बारावीला फ्रेंच होतं. स्कोअरिंग म्हणून घेतलेलं. मार्क एवढे की संस्कृतवाल्यांनी हेवा करावा. क्रियापदं अजून पाठ आहेत, झोपेत उठवून विचारा. पण पालकसभेला मादाम समोर आली आणि तिनं कसं काय एवढंच विचारलं, तर हे 'येस, येस' म्हणून कोट सावरायला लागले."

माईंना हे फार आवडलं. त्यांनी मेथीची एक काडी माझ्या दिशेनं रोखली. "मग हे खूळ काढलं कुणी? सरकारनं?"

"आयांनी काढलं, माई. आपल्यासारख्याच आयांनी."

हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण चिऊला इमर्शनला घालावं की नाही म्हणून मी वर्षभर वाचन केलं होतं. मॉन्ट्रियलपासून नदीपलीकडे सेंट लॅम्बर्ट नावाचं उपनगर आहे. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या काही बायका १९६३च्या सुमारास एकत्र जमायला लागल्या. तक्रार एकच. आपण क्युबेकमध्ये राहतो, मुलं शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकतात, आणि शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलायची वेळ आली की त त प प. शाळेच्या बोर्डानं आधी दाद दिली नाही. बायकांनी पिच्छा सोडला नाही. मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांना गाठलं, मेंदूचे जगप्रसिद्ध शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांचा पाठिंबा मिळवला. शेवटी सप्टेंबर १९६५मध्ये २६ मुलांचा एक बालवर्ग सुरू झाला. बाई फ्रेंच बोलणार, मुलांना ओ की ठो कळत नाही, आणि तसंच चालू.

"गाव लॅम्बर्ट आणि प्रोफेसरही लॅम्बर्ट?"

"योगायोग आहे, माई."

"कसला योगायोग! गावचा जावई असणार."

"ते लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी टकर, दोघांनी त्या मुलांच्या वर्षानुवर्षं परीक्षा घेतल्या आणि १९७२मध्ये पुस्तक काढलं. आयांना धाकधूक होती ना, की इंग्रजी बुडेल म्हणून. पहिली एक-दोन वर्षं इंग्रजी वाचन-लेखन मागे पडलं, मग आपोआप भरून निघालं. त्यानंतर कॅनडाभर इमर्शनचं पेव फुटलं. टोरंटोत सिनियर केजीपासून, आपल्याकडे पहिलीपासून. आणि आता तर जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर लॉटरी."

"लॉटरीचं नाव काढू नकोस," वहिनी एकदम फळीच्या अलीकडे आल्या. "कोपऱ्यावरच्या घरातली ती आहे ना, पांढऱ्या टेस्लावाली? तिच्या धाकट्याचं नाव नाही लागलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जणू मी चिठ्ठ्या काढल्या! मी तिथे मुलांच्या डब्यांची झाकणं उघडून देते, ह्यापलीकडे माझा कारभार नाही."

"पूर्वी काही शहरांत म्हणे आई-बाप आदल्या रात्री शाळेबाहेर रांग लावायचे. थंडीत, घडीच्या खुर्च्या टाकून."

"ते बरं होतं. रांगेत निदान ओळखी तरी व्हायच्या."

लॉटरीवरून वहिनी बराच वेळ बोलल्या. त्यातला निम्मा भाग छापण्यासारखा नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी खरी सांगितली. इमर्शनच्या वर्गात कुणाकुणाची मुलं असतात, हे मधल्या सुट्टीत डब्यांवरून कळतं. ज्यांच्या आईबापांना अर्ज कधी आणि कसा भरायचा हे ठाऊक, त्यांची. नवीन आलेली, अजून कागदपत्रांत अडकलेली घरं बहुधा बाजूच्या इंग्रजी वर्गात. एकाच शाळेत दोन शाळा होतात, ही टीका इथे बरीच जुनी आहे. वहिनींनी ती ऐकलेली नाही, पाहिलेली आहे.

"बरं, पण शिकवतात काय ते तर सांगा," माई म्हणाल्या. "छोटूला विचारलं की म्हणतो, काही नाही."

"पहिल्या आठवड्यात एकच वाक्य शिकवतात," मी म्हटलं. "मी बाथरूमला जाऊ का? ते फ्रेंचमध्ये नीट आलं तरच जायला मिळतं. सुरुवातीला जीव मुठीत धरून तरी सगळी मुलं शिकतात. मग रोज सकाळी गोल करून बसायचं. आज वार कोणता, काल कोणता होता, बाहेर हवा कशी आहे. एक मूल खिडकीपाशी जातं आणि जाहीर करतं. आपल्याकडे सहा महिने एकच उत्तर, बर्फ पडतोय. ते मात्र सगळ्यांचं तोंडपाठ. शुक्रवारी शुद्धलेखनाची दिक्ते. आणि एक एप्रिलला कागदाचे मासे!"

"कसले मासे?"

"त्यांचा एप्रिल फूल, माई. कागदाचा मासा कापायचा, रंगवायचा आणि कुणाच्या तरी पाठीला गुपचूप चिकटवायचा. चिऊनं सकाळी ह्यांच्या जॅकेटला चिकटवला. चांगला वीतभर, नारिंगी. हे तसेच गो ट्रेननं युनियन स्टेशनला, तिथून ऑफिसात. सगळे हसून 'गुड मॉर्निंग' म्हणत होते, म्हणून संध्याकाळी घरी आले ते खुशीत. म्हणाले, 'आज लोक किती प्रेमानं बोलत होते.'"

वहिनींनी चिठ्ठ्यांचं प्रकरण काढलं. छोटूच्या मादामनं प्रत्येकाला सोमवारी रंगीत चिठ्ठ्या दिल्या होत्या. जो इंग्रजी बोलताना पकडला जाईल, त्यानं आपली एक चिठ्ठी पकडणाऱ्याला द्यायची. शुक्रवारी ज्याच्याकडे जास्त, त्याला बक्षीस. उद्देश उदात्त. दोन आठवड्यांत छोटूकडे ढीग जमला. वहिनींना वाटलं, पोरगं फ्रेंचमध्ये तरबेज झालं. मग एक दिवस लंचच्या वेळी त्यांनी पाहिलं, हा कोपऱ्यात बसून पोकेमॉन कार्डं देतोय आणि चिठ्ठ्या घेतोय. भाव ठरलेला होता. सगळा व्यवहार अर्थातच इंग्रजीत.

"साताऱ्याला दुकान चालवणाऱ्याचा नातू आहे," माई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लाज अजिबात नव्हती.

"तेच तर म्हणते मी," वहिनी म्हणाल्या. "मी मैदानावर उभी असते ना रोज. घंटा झाली की फ्रेंच संपलं. सगळं ऐकून समजतं ह्यांना. मादाम पाच मिनिटं अखंड बोलली तरी एकही मूल गोंधळत नाही. वाचतातही. पण बोलायची वेळ आली की तीच चार वाक्यं फिरवून फिरवून. बाथरूमला जाऊ का, माझं झालं, त्यानं मला ढकललं, माझं पेन्सिल शार्पनर कुठेय."

वहिनींनी जे मैदानावर उभं राहून टिपलं, ते टोरंटोच्या मेरिल स्वेन या प्राध्यापिकेनं १९८५मध्ये इमर्शनच्या मुलांवरच अभ्यास करून मांडलं होतं. ऐकणं आणि वाचणं उत्तम, बोलणं मात्र अर्ध्यावर थांबतं. कारण वर्गात आपलं म्हणणं नेमकं, पूर्ण सांगण्याची वेळच मुलांवर येत नाही. अर्धवट बोललं तरी बाईंना कळतं, मित्रांना त्याआधीच कळतं. मी हे वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ह्यासाठी प्रोफेसर व्हायला लागतं होय? मला तासाचे पैसे मिळतात."

पण मग त्यांनीच स्वेटरची गोष्ट सांगितली. हिवाळ्यात चौथीच्या मादामनं रॉक कॅरियेचं 'ल शांदाय द हॉकी' वाचून दाखवलं आणि कॅनडाच्या फिल्म बोर्डानं १९८०मध्ये त्यावर काढलेला दहा मिनिटांचा कार्टूनपट दाखवला. क्युबेकमधलं खेडं, १९४६ साल. सगळी पोरं मॉन्ट्रियलच्या मोरिस रिशारची भक्त, सगळ्यांच्या पाठीवर त्याचा नऊ नंबर. एकाचा स्वेटर फाटतो. आई ईटन्सच्या कॅटलॉगवरून नवीन मागवते, आणि पेटीतून निघतो टोरंटो मेपल लीफ्सचा निळा स्वेटर. मुलाची जी काय दैना होते! ह्या देशात ही गोष्ट एवढी लाडकी, की २००२मध्ये निघालेल्या पाच डॉलरच्या नोटेवर तिच्यातला उतारा छापला होता. मादामनं तशी एक जुनी नोट वर्गात फिरवली. भिंग घेऊन वाचा म्हणाली.

"आणि मग घोटाळा झाला," वहिनी म्हणाल्या. "आपली पोरं मिसिसागाची. निम्मा वर्ग लीफ्सच्या टोप्या घालून बसलेला. त्यांना गोष्टच कळेना. लीफ्सचा स्वेटर मिळाला तर तो रडतो कशाला? एक मुलगा तर म्हणाला, नशीबवान आहे! मादाम समजावतेय, तिच्या माहेरी मॉन्ट्रियलचा संघ म्हणजे देव, तिचाच आवाज चढलेला. पोरंही पेटली. अर्धा तास कडाक्याचं भांडण, आणि सगळं फ्रेंचमध्ये! मी बाहेरून ऐकत होते. छोटू ओरडत होता. पाच शब्द आले तर तीन चुकीचे, पण थांबायला तयार नाही."

माई म्हणाल्या, "भांडण झालं की भाषा येतेच."

त्यावरून शाळेत येणाऱ्या पाहुण्यांचा विषय निघाला. शाळेत वर्षातून काही वेळा बाहेरून कलाकार बोलावतात. कोणाला बोलवायचं हे पालक समितीत ठरतं, आणि पैसा येतो तो पिझ्झा लंचमधून. मुलांनी विकत घेतलेल्या प्रत्येक तुकड्यातले काही सेंट साठवून कलाकारांचं मानधन. मागच्या नोव्हेंबरातल्या बैठकीला मी होते. काय ती बैठक! एका वडिलांना जादूगार हवा होता. एका आईला बाउन्सी कॅसल. त्याचा फ्रेंचशी काय संबंध, असं विचारल्यावर ती म्हणाली, त्यावर फ्रेंच झेंडा लावू. शेवटी मादामनं तोंड उघडलं. (इंग्रजीत. पालकांसमोर चालतं.) ती म्हणाली, मला एक असा माणूस आणून द्या ज्याच्याशी ह्या मुलांना माझ्या मदतीशिवाय फ्रेंचमध्येच बोलावं लागेल.

असा माणूस मिळेपर्यंत फेब्रुवारीत कारनावाल झालाच होता. क्युबेक शहरात १९५५पासून भरतो त्याची शाळेतली छोटी आवृत्ती. लाल टोपी, कमरेला विणलेला रंगीत पट्टा घातलेला बोनॉम नावाचा पांढराधोप बाहुला येतो. आमच्याकडे त्या वेषात पीटीचे सर होते, हे त्यांच्या बुटांवरून पहिलीतल्या मुलांनीही ओळखलं. मैदानावर बर्फात मेपलचा कढत पाक ओतून काडीला गुंडाळून खायला दिला. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप होतं, हे ऐकून चिऊ अजून माझ्या पॅनकेकवर हिशोबानं ओतते. मार्चमध्ये सोळा फ्रेंच गाण्यांची स्पर्धा, रोज दोन गाणी ऐकायची आणि मत द्यायचं. ही मानी म्युझिकाल न्यू ब्रन्सविकच्या शिक्षकांनी काढलेली, आता देशभर. त्या महिन्याबद्दल एवढंच सांगते की ह्यांनी ऑफिसला लवकर जायला सुरुवात केली.

आणि मग ती आली. चाळिशीची, काटक, पायात जाड बूट, हातात फिडल. उत्तर ऑन्टॅरियोतल्या हर्स्टकडची. आता, मुलांच्या डोक्यात काय की फ्रेंच बोलणारे लोक म्हणजे क्युबेकचे नाहीतर पॅरिसचे. ही म्हणाली, मी तुमच्याच प्रांताची. आमच्याकडे पेट्रोल भरायला गेलं तरी फ्रेंच, हॉकीच्या मैदानावर शिव्या द्यायच्या त्याही फ्रेंच. पोरांनी तोंडाचा आ केला.

"मी जिमच्या दाराशी उभी होते," वहिनी म्हणाल्या. "माझी ड्यूटी संपली होती, पण गेले नाही. तिनं खुर्चीत बसून दोन्ही पायांनी ठेका धरला. नुसत्या टाचा आणि चवडे, जमिनीवर फळी टाकलेली, आणि वरून फिडल. लाकडी भिंती हादरत होत्या. मग तिनं उडत्या होडीची गोष्ट सांगितली."

ती शास-गालरी. लाकूडतोड्यांची जुनी दंतकथा, ओनोरे बोग्रां यांनी १८९१मध्ये लिहून काढलेली. गातिनोच्या जंगलातला तळ, एकतीस डिसेंबरची रात्र, घरापासून शेकडो मैल लांब. सैतान त्यांना होडीत बसवून आकाशातून आपापल्या मैत्रिणींकडे नेतो. अट एवढीच, देवाचं नाव घ्यायचं नाही आणि चर्चच्या क्रुसाला धक्का लागू द्यायचा नाही. नाहीतर आत्मा गेला.

"शाळेत सैतानाच्या गोष्टी?" माईंचा हात थांबला.

"दोन पालकांनी ईमेल केले की! पण पोरांना विचाराल तर त्यांना सैतानाचं काहीच वाटलं नाही. तिनं जिममधली बाकं एकापुढे एक लावून होडी केली, आठ जणांना वल्ही दिली. एवढ्यात चिऊच्या वर्गातला एक बारका उभा राहिला. त्याला काहीतरी विचारायचं होतं, शब्द सापडेना. इंग्रजीत म्हणाला तर तिनं कानाला हात लावला, कळत नाही म्हणून. मग त्यानं छातीवर हात फिरवले, फुगवून दाखवलं, पाण्यात पडायचा अभिनय केला, आणि म्हणाला, तो कोट, जो घातला की माणूस खाली जात नाही, तो कुठे आहे? तिनं फिडल खाली ठेवलं. म्हणाली, शंभर वर्षं ही गोष्ट सांगताहेत, आजवर एकालाही हे सुचलं नाही. मग आठही जणांनी खोटी लाइफ जॅकेटं चढवली, पट्टे आवळले, आणि मगच होडी उडाली."

"आणि मोठ्या वर्गांना तिनं टोपीच्या पिनांची गोष्ट सांगितली," मी म्हटलं. "छोटूनं नाही सांगितली तुम्हाला?"

"तो म्हणाला, बायकांनी पोलिसांना टोचलं. मी म्हटलं, मेला काहीतरी बरळतोय."

बरळत नव्हता. १९१२मध्ये ऑन्टॅरियोच्या सरकारनं सतरा नंबरचा नियम काढला. पहिल्या दोन वर्षांनंतर शाळेत फ्रेंचमधून शिकवायचं नाही. ज्यांची ती घरची भाषा, त्यांच्यासाठी हा नियम. ओटावाच्या गीग शाळेतल्या देलोज नावाच्या दोघी बहिणी शिकवतच राहिल्या. त्यांना काढलं, तेव्हा १९१६च्या जानेवारीत मुलांच्या आया शाळेच्या दारात पहाऱ्याला बसल्या. हातात टोपीला लावायच्या लांब पिना, कुणाच्या हातात लाटणं. अधिकारी आले, पोलिस आले, आणि मागे फिरले. नियम ढिला व्हायला १९२७ उजाडलं, आणि ऑन्टॅरियोच्या सरकारनं माफी मागितली ती २०१६मध्ये. हर्स्टच्या त्या बाईंनी कुठल्याशा पेटीतून खरीखुरी टोपीची पिन काढून मुलांसमोर धरली. वीतभर लांब.

ज्या प्रांतात एका पिढीला फ्रेंचसाठी पिना उपसाव्या लागल्या, तिथे आज कोपऱ्यावरची टेस्लावाली लॉटरीत नंबर लागला नाही म्हणून बोलणं टाकते. माईंना ह्यातली गंमत लगेच कळली. त्या म्हणाल्या, "म्हणजे आधी पोरांच्या तोंडातून काढायची, मग पैसे भरून परत घालायची."

"फी नाही, माई. फुकट आहे."

"पिझ्झा फुकट मिळतो?"

वहिनी आता जरा चुळबुळ करायला लागल्या. पुढची गोष्ट सांगावी की नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी डोळ्यांनी खूण केली, सांगून टाका.

"आई, रागावू नका. दुसऱ्या दिवशी तिनं मुलांना चमच्यांवर ठेका धरायला शिकवलं. दोन चमचे पाठीला पाठ लावून, मध्ये बोट ठेवून मांडीवर आपटायचे. क्युबेकमध्ये लाकडी मिळतात, जोडीनं. प्रत्येकानं घरून दोन चमचे आणा म्हणाली. छोटूला वाटलं, हे तर आपल्याकडे आहे. त्यानं... तुमच्या चिपळ्या नेल्या."

मेथी खाली पडली. "माझ्या चिपळ्या शाळेत होत्या होय! एकादशीला अख्खं घर पालथं घातलं मी! तू म्हणालीस, सूटकेसमध्येच राहिल्या असतील!"

"मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? मला मादामनं सांगितलं. पण ऐका तर. त्या बाईंनी चिपळ्या हातात घेतल्या, उलटसुलट करून बघितल्या, वाजवल्या, आणि छोटूला विचारलं, हे काय आहे? आता मादामला विचारून उपयोग नाही, तिलाही ठाऊक नाही. वर्गात दुसरं मराठी मूल नाही. इंग्रजी चालत नाही. आला की नाही बेटा पेचात! चार वर्षं चिठ्ठ्या विकत घेऊन जगलेला पोरगा. मादाम म्हणते, आधी दोन मिनिटं लालबुंद होऊन उभा राहिला. मग सुरू झाला. माझ्या आजीचं आहे. देवाचं गाणं म्हणताना वाजवतात. उभं राहून. ती विचारत गेली, देव कुठे असतो? लांब. किती लांब? चालत जायला तीन आठवडे लागतात. चालत? कोण चालतं? लाखो लोक. पाऊस आला तर? तरी चालतात. खातात काय, झोपतात कुठे, ती सोडेचना. ह्यानं आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सगळी वारी नेली. मादाम म्हणाली, भूतकाळाची वाट लावली, क्रियापदं तर विचारू नका, पण मी एकदाही मध्ये बोलले नाही. शेवटी त्यानं सांगितलं की आजी सगळं अंतर चालून आली आहे, अनवाणी."

"मी?" माई खुर्चीतून उठल्याच. "मी कुठे गेले सगळं? एकदाच गेले होते, लोणंदहून फलटणपर्यंत. आणि अनवाणी कुठली, बाटाच्या चपला होत्या पायात! खोटं बोलला तो!"

"फ्रेंचमध्ये बोलला, आई."

"मग काय झालं? खोटं ते खोटंच."

तरी माई परत बसल्या, आणि पडलेली मेथी त्यांनी जरा जास्तच सावकाश गोळा केली. छोटूची सायकल पुसून झाली होती, पण तो तिथेच रेंगाळत होता. माईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं आकाशाकडे.

"पुढे काय म्हणाली ती बाई?"

"तिनं फिडल घेतलं, पायांनी ठेका धरला आणि ह्याला म्हणाली, आजी वाजवते तसं वाजव. ह्याला येतं कुठे! तरी लावला ठेका काहीतरी. आणि वहिनींनी," मी राहिलेलं सांगून टाकलं, "परवाच्या समितीच्या बैठकीत तुमचं नाव दिलंय, माई. पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी कलाकार आहेत अशांनाही बोलवायचं ठरतंय. तुम्ही म्हणायचं, वाजवायचं, आणि छोटूनं फ्रेंचमध्ये सांगायचं."

"मला विचारल्याशिवाय?"

"चिपळ्यांच्या वेळी तरी कुठे विचारलं होतं?" वहिनी हळूच म्हणाल्या.

माईंनी मेथीचं ताट मांडीवरून उचलून गवतावर ठेवलं, पदर खोचला आणि फळ्या पडलेल्या जागेपाशी येऊन उभ्या राहिल्या. आवाज खाली आणला.

"त्या फिडलवालीला पिझ्झ्याच्या पैशातून किती दिले, ते आधी सांग."